उघड्यावरच्या राजाला कसला दंड?

“पनिश का नाही केलंस?”

छत्रपती संभाजीनगरात शालेय बुद्धिबळाची स्पर्धा कुठेही असो, फेरी संपून मुलं हॉलबाहेर आली की हा प्रश्न कानावर पडतोच. विचारणारे कधी प्रशिक्षक असतात, कधी डब्याची पिशवी सांभाळत उभे असलेले वडील. मुलाच्या हातात चाली टिपलेला कागद. काळी मोहरी घेऊन तो अगदी नेटका खेळलेला असतो. कॅरो-कान बचाव, पहिली चाल सी6, दुसरी डी5, उंट वेळेवर बाहेर, घोडे जागेवर, किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात सुखरूप. समोरच्याने मात्र वजीर उगाच हिंडवला, कडेची प्यादी पुढे रेटली आणि राजा पटाच्या मधोमध तसाच उभा ठेवला. मधली प्यादी कापली गेली, वाट मोकळी झाली, त्या राजापुढे आडोसा म्हणून एक मोहरं उरलं नाही. आणि नेमक्या त्या वेळी आपल्या पोराने वजिरावर वजीर मारला आणि बरोबरी मान्य केली! वडिलांचा जीव तळमळणारच.

त्यांचा प्रश्न खेळाचा आहे आणि त्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण जरा थांबून विचारलं तर तो प्रश्न धर्मशास्त्राचाही आहे. दंड करायचा तर अपराध कोणता? किल्लेकोट न करणं हे काही नियमाविरुद्ध नाही. अख्खा डाव राजा ई1 वर ठेवून खेळायला कोणाचीही आडकाठी नसते. मग ज्याने कोणताही नियम मोडला नाही, ज्याने आपलं काही वाकडं केलं नाही, तो सावध नव्हता एवढ्याच कारणाने त्याच्यावर तुटून पडावं, हे कोणत्या न्यायात बसतं?

गंमत अशी की नियम खरोखर मोडणाऱ्याशी बुद्धिबळ बरंच सौम्य वागतं. फिडेच्या नियमांप्रमाणे नेहमीच्या स्पर्धेत खेळाडूने बेकायदा चाल केली तर पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवतात आणि डाव पुढे चालतो. दुसऱ्यांदा तसंच झालं तर डाव जातो. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद ऐकवते, त्याची इथे आठवण व्हावी. नातू बळीने विचारलं, क्षमा मोठी की तेज? प्रल्हादाचं उत्तर होतं की नेहमी क्षमा करणाऱ्याचं भलं होत नाही आणि नेहमी कठोर वागणाऱ्याचंही होत नाही. पूर्वी उपकार केलेल्याला, अजाणता चुकलेल्याला, पहिल्यांदा चुकलेल्याला क्षमा करावी. जाणूनबुजून किंवा पुन्हा अपराध करणाऱ्याला मात्र सोडू नये. पंच जवळपास प्रल्हादाच्याच नियमाने वागतात. प्रतिस्पर्धी तसा वागत नाही. पंच ज्याला अपराध मानतो त्याला सवलत मिळते, आणि जो अपराधच नाही त्याला फाशी. हा उफराटा न्याय वाटतो खरा.

या विषयावर अधिकाराने बोलू शकला असता असा एक माणूस याच जिल्ह्याच्या मुळातला आहे, पण बुद्धिबळाच्या संदर्भात त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीला जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट काशीतले मोठे धर्मशास्त्री झाले. नारायणभट्टांचे पुत्र शंकरभट्ट आणि त्यांचे पुत्र नीलकंठभट्ट. शिवाजी महाराजांचा 1674 मध्ये राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घराण्यातले. नीलकंठ त्यांचे चुलत काका लागत. यमुना आणि चंबळ यांच्या संगमाजवळच्या भरेहचा राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नीलकंठभट्टांनी ‘भगवंतभास्कर’ हा प्रचंड ग्रंथ रचला. त्याचे बारा मयूख, म्हणजे बारा किरण. त्यातल्या व्यवहारमयूखाचं वजन एवढं की इंग्रजी अमलात मुंबई बेटावर, गुजरातेत आणि उत्तर कोकणात वारशाचे खटले त्याच्या आधारे निकालात निघत, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती 1926 मध्ये काढली.

आणि राजधर्मावरच्या नीतिमयूखात हे धर्मशास्त्री चक्क बुद्धिबळाचं वर्णन करतात, घोड्याने चौसष्टही घरं एकेकदा फिरून येण्याच्या कोड्यासकट. राजाच्या करमणुकीचा विषय राजधर्माच्या ग्रंथात यावा ही रीत त्यांच्याही आधीची. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’तही चतुरंगाचा खेळ सविस्तर आला आहे. पण नीलकंठभट्टांच्या मांडणीत लक्ष वेधून घेणारी गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या बारा मयूखांत एक प्रायश्चित्तमयूखही आहे. माणूस चुकला तर त्याला परत माणसांत येण्यासाठी काय करता येईल, याचा तो ग्रंथ. बुद्धिबळ त्यात नाही, ते नीतीत आहे. ही विभागणी त्यांनी हेतूने केली असं म्हणणं धाडसाचं होईल, परंपरेने विषय जिथे ठरला होता तिथे त्यांनी तो ठेवला असेल. तरी ती चपखल बसते. पटावर मोहऱ्याला हात लागला की ते खेळावंच लागतं, ठेवलेली चाल परत घेता येत नाही. तिथे दंड आहे, प्रायश्चित्त नाही.

पैठणचंच दुसरं नाव याच्या अगदी उलट टोकाला उभं आहे. एकनाथ महाराज गोदावरीत स्नान करून परतत असताना एक माणूस त्यांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकतो आणि नाथ दर वेळी न बोलता पुन्हा नदीवर जातात, ही कथा मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. परंपरा एकशेआठ वेळा सांगते. शेवटी थुंकणाराच थकतो आणि पायांवर पडतो. बुद्धिबळपटूच्या नजरेने पाहिलं तर या कथेचा पहिला भाग काळ्या मोहऱ्यांच्या भक्कम खेळीसारखाच आहे. समोरच्याने डिवचलं तरी आपला क्रम सोडायचा नाही, चिडून प्यादं पुढे टाकायचं नाही. फरक शेवटी पडतो. समोरचा थकल्यावर, त्याच्याकडे कसलंच संरक्षण उरलेलं नसताना, नाथ वसुली करत नाहीत. बुद्धिबळपटू करतो, आणि त्याने ती करावी अशीच सगळ्यांची अपेक्षा असते.

मग संयमाने खेळून शेवटी वार करणारा खेळाडू दांभिक म्हणायचा का? एक प्रत्यक्ष डाव समोर ठेवल्याशिवाय हे ठरवता येणार नाही.

17 ऑक्टोबर 1956, न्यूयॉर्कचा मार्शल चेस क्लब. पांढरी मोहरी डोनाल्ड बर्नकडे. वय 26, अमेरिकेतल्या आघाडीच्या खेळाडूंपैकी एक. काळी मोहरी तेरा वर्षांच्या बॉबी फिशरकडे. फिशरने चौथ्याच चालीला किल्लेकोट केला. पाचव्या चालीला डी5, म्हणजे ज्याला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात तो. पांढऱ्याला मध्यभाग घेऊ द्यायचा आणि मग त्याच मध्यभागावर दबाव आणायचा, अशी ही पद्धत. ती ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डच्या नावाने 1922 पासून रूढ झाली खरी, पण त्याच्या कितीतरी आधी, 1855 मध्ये, कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी यांनी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरविरुद्ध ती खेळलेली आहे. त्या दोघांचे शेकडो डाव झाले. बॅनर्जी देशी बुद्धिबळात मुरलेले होते. देशी खेळात प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालायचं, आणि आजचा किल्लेकोटही नव्हता; बहुतेक प्रांतांत राजाला डावात एकदाच, तेही शह बसण्यापूर्वी, घोड्यासारखी उडी मारता यायची. त्यामुळे सबुरीने मोहरी मांडणं आणि राजाची काळजी स्वतःच वाहणं हे त्या खेळाच्या हाडातच होतं. जगभरच्या पुस्तकांतल्या ‘इंडियन’ बचावांना ते नाव इथूनच मिळालं.

न्यूयॉर्कच्या डावात बर्नने काय केलं? सहाव्या चालीला वजीर बाहेर, सातव्याला तोच वजीर, दहाव्याला पुन्हा तोच. अकराव्या चालीला आधीच बाहेर काढलेला उंट परत हलवून जी5 वर. राजाच्या बाजूचा उंट अजून एफ1 वर झोपलेला. तो ई2 वर आणून पुढच्या चालीला किल्लेकोट करायचा, एवढंच बाकी होतं. दोन चालींचं काम. बर्न बेफिकीर नव्हता, त्याला फक्त आणखी थोडा फायदा आधी पदरात पाडून घ्यायचा होता. फिशरने त्या क्षणी घोडा ए4 वर ठेवला, जिथे पांढरा घोडा तो सरळ मारू शकत होता. मारला असता तर काळ्याचा दुसरा घोडा ई4 चं प्यादं मारून वजीर आणि उंट दोघांवर एकदम चालून आला असता. बर्नने मारला नाही, तरी ते प्यादं गेलंच. मग बर्नने ई7 चं प्यादं उंटाने घेतलं आणि उरलेली ई पट्टी आपल्याच हाताने साफ केली. त्याच पट्टीच्या टोकाला त्याचा राजा उभा होता. सोळाव्या चालीला काळ्या हत्तीचा शह. राजा एफ1 वर सरकला आणि किल्लेकोटाचा हक्क कायमचा गेला. पुढच्याच क्षणी फिशरने वजीर मरू दिला आणि उंट ई6 वर खेचला. वजिराच्या बदल्यात त्याला एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादं मिळालं. एकेचाळिसाव्या चालीला मात झाली तेव्हा पांढरा वजीर बी8 वर धडधाकट उभा होता आणि त्याच्या राजाला सी1 वर कोंडून मारलं होतं.

या डावात अपराध कुठे आहे? एका चालीवर बोट ठेवायचं तर अकराव्या चालीचा उंट. पण खरा दोष त्या एका चालीत मावत नाही. सहाव्या चालीपासून बर्न दर वेळी आजचं काम उद्यावर टाकत होता. म्हणूनच याला दंड म्हणण्यापेक्षा कर्मफळ म्हणावं असा मोह होतो. पेरलं ते उगवलं. फिशर फक्त निमित्त.

हा मोह आवरलेला बरा. निमित्ताची भाषा फार सोयीची असते. ‘माझं काही नाही, त्याचं कर्म त्याला भोवलं’ असं म्हटलं की वार करणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात. पण पटावर कर्म आपोआप फळत नाही. घोडा ए4 वर चालत जात नाही, तो कोणीतरी शोधावा लागतो आणि हिमतीने ठेवावा लागतो. फिशरला ती चाल दिसली नसती तर बर्नने तेराव्या चालीला निवांत किल्लेकोट केला असता, आणि त्या आळसाबद्दल आज कोणी एक ओळही लिहिली नसती. संभाजीनगरच्या त्या मुलाच्या डावात हेच झालं. प्रतिस्पर्ध्याने पेरलं, उगवलं मात्र काही नाही. दर रविवारी अशा किती चुका बिनशिक्षेच्या सुटत असतील! तेव्हा करणारा तो करणाराच. त्याने आपल्या कृतीची जबाबदारी घेतली पाहिजे. कर्मसिद्धान्ताचा दाखला म्हणून बुद्धिबळाकडे बोट दाखवणाऱ्यांनी इतकं तरी लक्षात घ्यावं.

कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुतलं तो प्रसंग इथे हटकून पुढे येतो. कर्ण धर्माची आठवण देऊन क्षणभर थांबायला सांगतो. कृष्ण उत्तरादाखल त्याला त्याचीच जुनी कृत्यं मोजून दाखवतो: द्रौपदीची भरसभेतली विटंबना, लाक्षागृह, एकट्या अभिमन्यूला अनेकांनी मिळून मारणं. म्हणजे निःशस्त्रावर बाण सोडण्याचं समर्थन रुतलेल्या चाकाने होत नाही. ते मागच्या हिशेबाने होतं, आणि ते पुरेसं आहे का यावर आजही वाद घालता येतो. पटावर मागचा हिशेब नसतो. समोरचा गेल्या स्पर्धेत कसा वागला, सज्जन आहे की उर्मट, याने चालीची किंमत बदलत नाही. मग तिथल्या वाराचं समर्थन कशावर उभं राहतं?

याचं उत्तर पटावर नव्हे, पटाभोवतीच्या दोन खुर्च्यांत आहे. दोघं आपल्या मर्जीने बसलेत. दोघांकडे सोळा-सोळा सारखी मोहरी आहेत, नियम दोघांना ठाऊक आहेत, आणि डाव सुरू होण्यापूर्वी हात मिळवताना त्यांनी एकमेकांना जणू शब्द दिलाय की मी तुझ्या प्रत्येक चुकीचा पुरेपूर फायदा घेईन, तूही घे. अशा ठिकाणी मुद्दाम सूट देणं म्हणजे तो शब्द मोडणं. समोरच्याला कमी लेखणंही त्यातच आलं.

ही संमती काढून घेतली की तोच वार किती वेगळा दिसतो, हे पाहायला शहरातून पंधरा-सोळा किलोमीटरवर जायचं. देवगिरीचा किल्ला. सरळ तासलेला कातळ, खोल खंदक, आणि आत चढताना लागणारी ती अंधारी, जिथे दुपारी बारा वाजताही मोबाइलचा दिवा लावल्याशिवाय पुढची पायरी दिसत नाही आणि कोणीतरी वटवाघळांना घाबरून किंचाळतंच. यातलं बरंचसं बांधकाम नंतरच्या काळातलं, पण डोंगर तोच. 1296 मध्ये कड्याचा सुभेदार अलाउद्दीन खलजी घोडदळ घेऊन इथे अचानक येऊन थडकला तेव्हा यादव राजा रामचंद्रदेव याचं मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर दूर होतं. राजाने किल्ल्याचा आश्रय घेतला. बुद्धिबळाच्या भाषेत त्याने किल्लेकोट वेळेत केला होता. शंकरदेव परतून लढला आणि हरला. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की घाईघाईने गडावर चढवलेल्या धान्याच्या गोण्या उघडून पाहिल्या तर आत मीठ निघालं. रामचंद्रदेवाला अपार संपत्ती देऊन तह करावा लागला.

प्रशिक्षक या कथेतून तयारीचा धडा काढतील, आणि तो खराही आहे: राजा कोपऱ्यात नेला म्हणून भागत नाही, त्याच्याभोवतीची मोहरी कामाची असावी लागतात. पण अलाउद्दीनने रामचंद्रदेवाला ‘पनिश केलं’ असं कोणी म्हणेल का? रामचंद्रदेव त्या डावाला बसलाच नव्हता. त्याचं सैन्य दूर असणं ही अलाउद्दीनला मिळालेली संधी होती. संधी म्हणजे अधिकार नव्हे. राजकारणातल्या प्रत्येक दगाबाजीला ‘बुद्धिबळाचा डाव’ म्हणणाऱ्या वृत्तवाहिन्यांनी या खेळावर मोठा अन्याय केला आहे. विश्वासाने गाफील राहिलेल्या मित्राचा पक्ष फोडणं आणि किल्लेकोट विसरलेल्या प्रतिस्पर्ध्याला शह देणं यांत साम्य फक्त शब्दांचं.

दंडाचा अधिकार नुसत्या संमतीनेही मिळत नाही. त्याला मापही लागतं. पहिला अधिकृत जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ याने ठासून सांगितलं की ज्याची स्थिती वरचढ आहे त्याने हल्ला केलाच पाहिजे, नाहीतर वरचढपणा निसटतो. आणि ज्याची नाही त्याचा हल्ला फसायलाच हवा. मनुस्मृतीतला राजधर्मही दंड न दिला तर मत्स्यन्याय माजतो आणि अविचाराने दिला तर देणाऱ्याचाच नाश होतो, असं दोन्ही बाजूंनी बजावतो. फिशरचा राजा चौथ्या चालीपासून कोपऱ्यात होता, म्हणून त्याला वजीर सोडून देण्याची चैन परवडली. स्वतःचे घोडे घरात आणि राजा उघड्यावर ठेवून समोरच्याच्या उघड्या राजाकडे धावणारी मुलं प्रत्येक स्पर्धेत दिसतात, आणि वीस-पंचवीस चालींत तीच मात खाऊन उठतात. देशी खेळाने तर जिंकणाऱ्यावर आणखी एक बंधन घातलं होतं. अनेक ठिकाणी समोरचा राजा अगदी एकटा उरला तर डाव बरोबरीत सुटायचा. तेव्हा जिंकायचं असेल तर प्रतिस्पर्ध्याचं निदान एखादं मोहरं शिल्लक ठेवूनच मात करावी लागे, आणि त्यातही प्याद्याने केलेल्या मातेचा मान मोठा. समोरच्याला पार नागवून मिळवलेला विजय आपल्या जुन्या खेळाडूंना पूर्ण वाटत नव्हता. आधुनिक नियमांत हे गेलं, याची हळहळ वाटते.

तरी एक गोष्ट आधुनिक खेळात टिकली आहे आणि तिचं मोल मोठं आहे. बर्नने तो डाव अर्ध्यावर सोडला नाही. वजीर हाताशी होता तरी पराभव त्याला कधीच दिसला होता. अशा वेळी या पातळीवरचे खेळाडू राजीनामा देतात. त्याने पोराला मात करू दिली. पुढे तो पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक झाला आणि तिथल्या विद्यार्थ्यांना बुद्धिबळही शिकवत राहिला. डाव संपल्यावर दोघा खेळाडूंनी त्याच पटावर पुन्हा मोहरी मांडून कुठे काय चुकलं ते शोधायचं, याला खेळाडू पोस्टमॉर्टेम म्हणतात. नाव अभद्र आहे, पण नीतिमयूखातल्या खेळाला प्रायश्चित्तमयूखाशी जोडणारा हा एकच धागा. हरलेला आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगतो, जिंकलेला त्याला पर्याय दाखवतो, आणि बरेचदा जिंकलेल्याचीच एखादी न दिसलेली चूक हरलेला दाखवून देतो.

आपल्याकडच्या मुलांच्या स्पर्धांत नेमकी हीच गोष्ट घाईत राहून जाते. पुढच्या फेरीची जोडी लागलेली असते, हॉल रिकामा करायचा असतो, बाहेर पालक ताटकळलेले असतात. संयोजकांना विनंती एवढीच की शेजारच्या वर्गात चार-पाच पट मांडून ठेवा, आणि फेरी संपल्यावर दोन्ही मुलांना पालकांशिवाय पंधरा मिनिटं तिथे बसू द्या. ज्याने उघड्या राजाला सोडून दिलं त्याला ते का सोडलं हे समजायला वडिलांपेक्षा तो प्रतिस्पर्धी जास्त उपयोगी पडेल. आणि पैठणला कोणी नव्याने स्पर्धा भरवणार असेल तर ती नीलकंठभट्टांच्या नावाने भरवावी.